हाडवैद्याचा हात



मिरचीच्या हंगामात धर्माबादच्या अडतीवर घटकाभर उभे राहून पाहा. हमाल पाठीवर पोते घेतो, पाय अडखळतो आणि कमरेत उसण भरते. मग सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणतो, शेक द्या. कुणी म्हणतो, पायाळू माणसाची लाथ खा. एखादा जाणता म्हणतो, "चला, हाडवैद्याकडे जाऊ."

आपल्या हाडवैद्याच्या कसबाशी नाते सांगणारी एक विद्या अमेरिकेत उदयास आली. तिचे नाव ऑस्टिओपॅथी. तिचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल हा १८२८ साली जन्मला. तो स्वतः वैद्यकी करीत असे. पण १८६४ साली मेंदूज्वराने त्याची तीन मुले दगावली आणि त्याच्या हातून काही झाले नाही. त्या काळी पाऱ्यासारखी विषारी औषधे सर्रास देत. त्याचा औषधांवरचा विश्वासच उडाला. त्याने हाडांचा कसून अभ्यास केला, १८७४ साली आपला विचार मांडला आणि १८९२ साली कर्कस्व्हिल गावी शाळा काढली. हाडे, सांधे, स्नायू आपापल्या जागी मोकळे हलू लागले की शरीर आपली दुरुस्ती आपणच करू लागते, असे तो सांगे.

ही विद्या जाणणारा रोग्याला निजवतो, बोटांनी पाठ चाचपतो, आखडलेला स्नायू दाबून, ताणून सैल करतो, सांधा बेताने फिरवतो. कंबरदुखीत काहींना याने उतार पडतो. जोडीला व्यायाम हवाच. पण बहुतेक सर्व रोगांचे मूळ कण्यात आहे, हे स्टिलचे म्हणणे काही टिकले नाही. क्षय किंवा मधुमेह हाताने चोळून जात नाही. म्हणून अमेरिकेतल्या त्याच्या शिष्यपरंपरेने पुढे औषधे आणि शस्त्रक्रियाही आपल्याशा केल्या. आज तेथे ते पूर्ण डॉक्टर मानले जातात.

इंग्लंडातली गोष्टही अशीच आहे. लिव्हरपूलच्या इव्हान थॉमस या हाडवैद्याने आपले पाचही मुलगे वैद्यकीच्या शाळेत घातले. त्यांतला ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) याने मोडलेला पाय स्थिर ठेवणारी लोखंडी चौकट तयार केली. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या कितीतरी शिपायांचे प्राण तिने वाचवले. बापाच्या कसबाला मुलाच्या विद्येची जोड मिळाली, ती अशी.

आता आपल्या घरात पाहू. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली नि बांबू यांचा आधार हाडाला द्यावा, असे त्यात सांगितले आहे. पुढचे नीट ऐका. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही. करकचून आवळला तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून तो बेताचा असावा. थंडीत सात दिवसांनी, तर उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा.

हा नियम विसरला की काय होते? पोर झाडावरून पडते, हात मोडतो. कामट्या घालून पट्टी घट्ट आवळली जाते. पोर रात्रभर रडते आणि घरचे म्हणतात, "दुखायचंच, हाड जुळतंय." तसे नव्हे! बोटे गार, निळी वा बधिर पडली, ठणका वाढतच गेला, तर रक्त अडले आहे असे समजा. पट्टी तत्काळ सैल करा आणि दवाखाना गाठा. इथे काही तासांचाच खेळ असतो. उशीर झाला तर हात कापावा लागतो. कंबरदुखीतही पायातले बळ गेले, लघवी अडली, ताप आला किंवा दुखणे पडल्यावर सुरू झाले, तर कुणाकडूनही चोळून घेऊ नका.

गुरुजी, मुलांना एवढे जरूर शिकवा, की पट्टी बांधल्यावर बोटे पाहायची. हाडवैद्याचा मान ठेवू या. पण मोडलेले हाड आधी दवाखान्यात दाखवू या. सुश्रुतांचा नियम मोडणारा हात, मग तो कितीही नावाजलेला असो, आपल्या पोरावर चालू देऊ नका.