गॅरिकची भीति

नटाची कीर्ति आणि त्याच्या मनाची शांति ह्या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असें नाहीं. डेव्हिड गॅरिक (१७१७-१७७९) ह्याचें चरित्र ह्या दृष्टीनें मननीय आहे.

१९ ऑक्टोबर १७४१ रोजीं लंडनच्या गुडमन्स फील्ड्स नाटकगृहांत तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेंत त्यानें प्रेक्षकांस जिंकलें. पण जाहिरातींत त्याचें नांव नव्हतें. नटाचा धंदा तेव्हां हलका गणला जाई, आणि भावाबरोबर मद्याचा व्यापार करणाऱ्या ह्या तरुणाला घरच्यांच्या रोषाचें भय होतें. दुसऱ्याच दिवशीं पत्र लिहून त्यानें वडील भावापाशीं आपलें गुपित उघड केलें.

कीर्ति आली, पण भय गेलें नाहीं. १७४४ मध्यें मॅक्बेथची भूमिका करण्यापूर्वीं त्यानें स्वतःच निनांवी पुस्तिका काढून आपल्या अभिनयाची व ठेंगणेपणाची थट्टा केली! शत्रूचें शस्त्र आपणच आधीं उचलावें, म्हणजे घाव हलका बसेल, असा त्यांत हिशेब दिसतो. पुढें १७४७ पासून १७७६ पर्यंत त्यानें ड्रूरी लेन नाटकगृहाचा कारभार पाहिला. तरी स्तुतीची भूक शमली नाहीं. गोल्डस्मिथनें १७७४ सालच्या एका कवितेंत तिच्यावर नेमकें बोट ठेवलें आहे.

ह्याला कोणी दंभ म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. कवीचें काव्य मागें उरतें, चित्रकाराचें चित्र भिंतीवर राहतें. त्या काळच्या नटाचें काम मात्र पडदा पडतांच संपे. कालच्या टाळ्या आज उपयोगी पडत नसत. रोज नव्यानें परीक्षेस बसणाऱ्याच्या उरांत धडकी भरावी, ह्यांत नवल तें काय?