देव, देश, कुटुंब आणि गोवा

हुकूमशहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणवेश, पदकं आणि सज्जातून गर्जना करणारा माणूस उभा राहतो. स्पेनचा फ्रँको त्या साच्यात अगदी चपखल बसतो. आपण ‘देवाच्या कृपेने’ स्पेनचे नेते आहोत, असं त्याने चक्क नाण्यांवर कोरून घेतलं होतं. पण आज मला बोलायचंय ते त्याच्या शेजाऱ्याबद्दल, पोर्तुगालच्या अँतोनियो द ओलिव्हेरा सालाझारबद्दल. गडद सूट, सौम्य आवाज, अविवाहित, पेशाने अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षं तो पंतप्रधान होता. आपला त्याच्याशी थेट संबंध येतो, कारण १९६१ पर्यंत गोवा, दमण आणि दीव त्याच्या हुकमतीत होते.

सुरुवात एका चित्रापासून करू. १९३८ मध्ये सालाझारच्या सरकारने शाळांसाठी सात भित्तिपत्रकं छापली. ‘सालाझारची शिकवण’ असं त्या मालिकेचं नाव. त्यातलं सर्वांत गाजलेलं चित्र एका शेतकऱ्याच्या घराचं आहे. बाप शेतावरून परतलाय. आई चुलीपाशी आहे. मुलगी खेळतेय. मुलगा सरकारी युवक संघटनेच्या गणवेशात बापाला सामोरा जातोय. घरात छोटंसं देवघर, त्यात क्रूस. बाहेर दूरवर किल्ला, त्यावर राष्ट्रध्वज. खाली तीन शब्द: देव, देश, कुटुंब.

चित्र गोड आहे, नाकारता येत नाही. पण त्यात काय नाही तेही बघा. वीज नाही, वर्तमानपत्र नाही, शेजारी नाही, पंचायत नाही. घरातला क्रूस आणि किल्ल्यावरचा झेंडा यांच्या मध्ये कुणीच नाही. त्या जागी सालाझार आहे, आणि त्याला चित्रात दिसायचीही गरज नाही.

हा माणूस ढोंगी होता का? मला तसं वाटत नाही. तो गरीब खेडवळ घरातला, विझेऊच्या सेमिनरीत पाद्री होण्यासाठी शिकलेला. पुढे कोइंब्राच्या विद्यापीठात त्याच्याबरोबर एका घरात राहिलेला मित्र, मानुएल सेरेझैरा, १९२९ मध्ये लिस्बनचा पॅट्रिआर्क, म्हणजे देशातला सर्वोच्च धर्मगुरू झाला. त्यांच्या तरुणपणी पोर्तुगालमध्ये चर्चने बरेच फटकेही खाल्ले होते. १९१०च्या क्रांतीनंतर आलेल्या प्रजासत्ताकाने जेझुइटांना हाकललं, चर्चच्या मालमत्ता घेतल्या. अशा वातावरणात १९१७ मध्ये फातिमा या खेड्यात तीन गुराखी मुलांनी आपल्याला मरिया मातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं आणि तिथे लोकांची रीघ लागली. सालाझारला ही दुखावलेली श्रद्धा आयती मिळाली. त्याला ती निर्माण करावी लागली नाही, फक्त तिचं कुंपण बांधायचं होतं.

ते कसं बांधलं, हे १९३६च्या त्याच्या ब्रागा इथल्या भाषणात दिसतं. कोणत्या गोष्टींवर आम्ही चर्चा करत नाही, याची यादीच त्याने दिली. देव आणि सद्गुण, देश आणि त्याचा इतिहास, सत्ता आणि तिची प्रतिष्ठा, कुटुंब आणि त्याची नीती. माझ्या मते त्याच्या राजकारणाची सगळी किल्ली या यादीत आहे. भाविक माणूस देवावर वाद घालत नाही, हे कुणालाही पटेल. पण देवाच्या ओळीतच सत्ता बसवली की देवाचं निर्विवादपण हळूच तिच्याकडे सरकतं. श्रोत्याला वाटतं आपण देवासाठी मान हलवली. प्रत्यक्षात सेन्सॉरसाठी आणि राजकीय पोलिसांसाठी हलवलेली असते.

१९४० मध्ये व्हॅटिकनशी करार झाला. चर्चमध्ये लग्न लागलेल्यांना घटस्फोट बंद झाला, आणि बिशप पोर्तुगीज नागरिकच असावेत असं ठरलं. हा पुढचा मुद्दा लक्षात ठेवा.

आता गोव्याकडे येऊ. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना दुरुस्त केली. त्यात वसाहती हा शब्द गेला आणि ‘सागरपार प्रांत’ आले, म्हणजे कागदोपत्री गोवा हा लिस्बनसारखाच पोर्तुगालचा भाग. त्याच दुरुस्तीत कॅथलिक धर्म हा ‘पोर्तुगीज राष्ट्राचा धर्म’ असं लिहिलं गेलं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. गोव्यात साठेक टक्के लोक हिंदू होते. म्हापशाच्या हिंदू दुकानदाराला एका फटक्यात सांगितलं गेलं की तू पोर्तुगालमध्ये राहतोस, आणि या राष्ट्राचा धर्म तुझा नाही.

इथून सालाझारची भाषा पक्की झाली. १९५४ची भाषणं घ्या, नाहीतर १९५६ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’ या अमेरिकी नियतकालिकातला त्याचा लेख. सूर एकच: गोवा हा पूर्वेतला पाश्चात्त्य, ख्रिस्ती संस्कृतीचा तुकडा आहे, त्यामुळे तो भारताचा असूच शकत नाही. ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज, हे त्यामागचं समीकरण. (आपल्या बाजूलाही काही जणांनी ते निमूटपणे मान्य केलं होतं, हे कबूल करायला हवं.)

ते पहिल्यांदा खोडलं गोव्यातल्याच ख्रिस्ती घरांतल्या माणसांनी. १९३०च्या वसाहत कायद्याविरुद्ध पणजीच्या कायदेमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा घ्या. गोमंतकीयांचं राष्ट्रीयत्व कसं पुसलं गेलं हे १९४४ मध्ये लिहिणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा घ्या. कुन्हांना १९४६ मध्ये शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं गेलं. एका ख्रिस्ती राज्याने एका ख्रिस्ती माणसाला!

पण सालाझारला खरी अडचण आली ती रोमकडून. मुंबई, मंगळूर, कोचीन अशा ठिकाणच्या बिशपांच्या नेमणुकीत पोर्तुगालचा जुना हक्क होता. तो १९५० मध्ये सोडावा लागला. जानेवारी १९५३ मध्ये भारताला पहिला कार्डिनल मिळाला: मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस. आईवडील गोव्याचे, जन्म कराचीचा आणि नागरिकत्व भारताचं. ‘ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज’ हे समीकरण त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी कोसळत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतला भारतातला मुलूख त्यासाठी वेगळा काढण्यात आला. धर्माची सीमा आणि देशाची सीमा एक नाही, हे रोम नकाशावर रेघ ओढून सांगत होतं.

जुलै १९५५ मध्ये नेहरू रोमला गेले आणि पोप पायस बाराव्यांना भेटले. भेटीनंतर नेहरूंनी सांगितलं की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य आहे. आता खऱ्या भाविकाने काय करायला हवं होतं? निदान तो मुद्दा पुन्हा काढायला नको होता. पण पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. ख्रिस्ती संस्कृतीच्या रक्षणाची भाषाही तशीच चालू राहिली.

देशातही हेच. १९५८ मध्ये पोर्तो शहराचे बिशप अँतोनियो फेरैरा गोमिश यांनी सालाझारला पत्र लिहून गरिबांच्या हलाखीबद्दल आणि कामगारांच्या हक्कांबद्दल प्रश्न विचारले. पुढच्या वर्षी ते देशाबाहेर गेले, आणि परत येऊ दिलं गेलं ते १९६९ मध्ये, सालाझारची सत्ता गेल्यावर. बिशप पोर्तुगीज नागरिकच हवा होता ना? हा होता. पण सरकारला जाब विचारणारा.

डिसेंबर १९६१. भारतीय फौजा सीमेवर जमल्या होत्या. सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना तार केली. शरणागती नाही, तह नाही, पोर्तुगीज कैदी नकोत, सैनिक एकतर विजयी हवेत किंवा मृत. आणि शेवटी देवाचं नाव: हा सैनिक भारतातला शेवटचा गव्हर्नर ठरावा, असं देव होऊ देणार नाही. तारेचा मजकूर वाचताना मला प्रत्येक वेळी वाटतं, लिस्बनच्या ऊबदार खोलीत बसून साडेतीन हजार माणसांना मरा म्हणायचं आणि त्याची हमी देवावर टाकायची, इतकं सोपं दुसरं काय असेल?

वासालो इ सिल्व्हांनी ऐकलं नाही. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. त्यांची माणसं जगली. जुन्या गोव्यातली चर्चही उभी राहिली. मायदेशी परतल्यावर त्यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आलं, आणि राजवट उलथल्यावरच, म्हणजे १९७४ नंतर, त्यांचा मान परत मिळाला.

आणि गंमत पुढे आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले. भारतात येणारे ते पहिलेच पोप. ओव्हल मैदानावर माणसांचा समुद्र, यजमान कार्डिनल ग्रेशियस. तीन डिसेंबर हा तर संत फ्रान्सिस झेवियरचा सण, ज्यांचं शव अजूनही गोव्यात आहे. गोवा घेणाऱ्या देशात पोप जातात, याने लिस्बनचा संताप झाला. परराष्ट्रमंत्री फ्रांको नोगैरा यांनी हा पोर्तुगालचा विनाकारण अपमान असल्याचं म्हटलं, आणि पोर्तुगीज वर्तमानपत्रांत या भेटीच्या बातम्यांवर बंदी घालण्यात आली. देव, देश, कुटुंब म्हणणाऱ्या राजवटीचा सेन्सॉर आता पोपची बातमी कापत होता.

मे १९६७ मध्ये फातिमाच्या पन्नासाव्या वर्षी पोप पोर्तुगालला आले. सालाझार तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. पोपचं विमान राजधानीत न उतरता फातिमाजवळच्या मोंते रेआल या लष्करी तळावर उतरलं. त्यांनी यात्रेकरूंमध्ये दिवस काढला आणि त्याच दिवशी रोमला परतले. लिस्बनला ते गेलेच नाहीत.