दाटीतला उजेड

आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूरकडे निघतात. तिकडच्या कारखान्यांत उसाचा रस आटतो, दाट होतो आणि साखरेचे दाणे धरतात. त्याच कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, २०१० नंतरच्या दशकात प्रा. एस. आर. पाटील, प्रा. जी. बी. कोळेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निराळेच दाणे पाडले. सेंद्रिय रंगांचे हे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. योग्य प्रकाश पडला की मात्र स्वतः उजळतात. पाण्यातले धातू ओळखण्याच्या कामी त्यांनी ते लावले.

या दाण्यांची कूळकथा हिवतापाच्या कोयनेलापासून सुरू होते. १८५२ साली इंग्लंडात जॉर्ज स्टोक्स यांनी कोयनेलाचे द्रावण अदृश्य जंबुपार किरणांत धरले, तो ते निळे उजळले! एक प्रकाश प्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा, या गुणाला त्यांनी फ्लुओरेसन्स हे नाव दिले. क्षयाच्या रोग्याचा बेडका तपासताना आजही तो गुण उपयोगी पडतो. ऑरामाइन लावले की काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळे चमकतात. पण ती काचपट्टी आधी शेकलेली, वर आम्लाने धुतलेली. जिवंत पेशीच्या पोटात काय घालमेल चालते, हे तिच्यावरून कसे कळावे?

बरे, जिवंत पेशीत रंग सोडावा, तर प्रखर प्रकाशात तो लवकर विटतो. जास्त घालावा, तर दाटीने तेज मावळते. १९५४ साली जर्मनीत फर्स्टर आणि कास्पर यांनी पायरीनवर हे दाखवले होते. कॅडमियमचे कण झगझगीत खरे, पण कॅडमियम म्हणजे विषच.

वाट निघाली ती पूर्वेकडे. १९९२ साली जपानातल्या सेंदाई येथे नाकानिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. रंग ॲसिटोनसारख्या द्रवात विरघळवायचा आणि ढवळत्या पाण्यात थोडा थोडा सोडायचा. पाण्यात तो विरघळत नाही, म्हणून तिथल्या तिथे अतिसूक्ष्म स्फटिक होतात. कोल्हापूरचे दाणे याच रीतीचे. कारखान्यासारखे आटवणे नाही की तापवणे नाही!

पुढे २००१ साली हाँगकाँगला बेन झोंग तांग यांच्या चमूला असा पदार्थ सापडला, की जो द्रावणात मंद आणि दाटीत तेजस्वी. मोकळ्या रेणूचे हात सारखे गरगरत असतात. प्यालेला प्रकाश त्यातच खर्ची पडतो. जत्रेच्या गर्दीत माणसाला हात हलवता येत नाहीत, तशी रेणूची गत झाली की तो प्रकाश परत देतो. मला तर या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत गोड नवल वाटते.

सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, ही मर्यादा आबे यांनी १८७३ साली घातलेली. पण एकटा उजळ ठिपका धूसर दिसला, तरी त्याचा मध्य फार अचूक काढता येतो. अशा युक्त्यांनी ती मर्यादा ओलांडणाऱ्या बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना २०१४ चे नोबेल मिळाले. एका स्फटिकात पुष्कळ रेणू एकदम उजळतात, म्हणून असा ठिपका ठळक उमटतो आणि पेशीतली त्याची वाटचाल जिवंतपणीच पाहता येते. उघडे दाणे मात्र एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून पेशीत सोडण्याआधी त्यांना पाण्याशी जमवून घेणाऱ्या पदार्थाचा पातळसा अंगरखा चढवतात.