न शोभणारी जोडी आणि छोटं गाव

मागच्या वर्षी याच जागी मी एक विधान बिनधास्त ठोकून दिलं होतं. रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्यांतली 'न शोभणारी जोडी' म्हणजे निव्वळ स्वप्नरंजन, श्रीमंत राजपुत्र आणि गरीब मुलगी यांचीच नवी आवृत्ती, असं ते विधान होतं. आज ते मागे घेतेय. त्या विधानावर माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं होतं आणि ते आता कचऱ्यात गेलंय. तर ते का कोसळलं, हे तरी तुम्हाला सांगते.

सुरुवात ओळखीच्या पुस्तकापासून करू. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' आली 1847 मध्ये. अनाथ, दिसायला साधी, पगारावर शिकवणारी मुलगी आणि तिचा मालक रॉचेस्टर. वय, पैसा, दर्जा यांपैकी कशातच जुळत नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी हसतं, रात्री पलंगाला आग लागते, आणि हे सगळं ज्याच्या घरात चाललंय त्याच्याच प्रेमात ती पडते. आता त्या काळचा इंग्लंडचा कायदा आठवा. लग्न झालं की बायकोच्या हातातला पैसा नवऱ्याचा होई. वेगळी कायदेशीर तजवीज केली नसेल, तर तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. 1857 चा कायदा येईपर्यंत पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटकडून खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे. म्हणजे तो कुणासाठी, हे सांगायला नको. विवाहितेच्या मालमत्तेचे कायदे आले 1870 आणि 1882 मध्ये.

मग 'हा माणूस खरा कसा आहे?' हा प्रश्न फक्त हृदयाचा राहत नाही. चुकलं तर परतीची वाट नाही. जोडी जितकी विजोड, तितकी तिला त्याच्याबद्दल कमी माहिती आणि तितकी भीती जास्त. दोघं एकाच आळीत वाढलेली, घरोब्यातली असती, तर रहस्य शिल्लकच राहिलं नसतं. इथेच माझं जुनं विधान मोडलं. विजोडपणा हा गोष्टीवरचा साज नाही, सस्पेन्सचं इंजिन तेच आहे.

गंमत म्हणजे जेन परत जाते ती काकाच्या वारशातले पाच हजार पौंड स्वतःच्या नावावर झाल्यावर. मूळ रक्कम वीस हजार, ती तिने चौघांत वाटून टाकलेली. तोवर रॉचेस्टरचा वाडा जळून गेलेला असतो. (आणि लग्न केल्याबरोबर कायद्याने तेही पैसे नवऱ्याचेच होणार, यावर कादंबरी फारशी बोलत नाही.)

1938 च्या 'रेबेका'त डॅफ्नी द्यू मॉरिएने हेच यंत्र पुन्हा चालवलं. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण असलेली, नावसुद्धा नसलेली नायिका, तिच्या दुप्पट वयाचा विधुर आणि कॉर्नवॉलमधला मँडर्ली वाडा. 1960 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एस बुक्सचे संपादक जेरल्ड ग्रॉस यांनी आपल्या आईला हेच पुस्तक पुन्हा वाचताना पाहिलं, आणि त्यातून स्वस्त 'गॉथिक' पेपरबॅकची मालिका सुचली, असा किस्सा प्रकाशनाच्या इतिहासात सांगितला जातो. पहिलं पुस्तक फिलिस व्हिटनीचं. त्याच वर्षी व्हिक्टोरिया होल्ट या टोपणनावाने एलिनॉर हिबर्टची 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन' आली आणि लाट उसळली. त्यांची कव्हरं एकदा पाहिली की विसरत नाहीत: अंधारी हवेली, एकाच खिडकीत दिवा, पुढे केस मोकळे सोडून पळणारी बाई. लेखक कुणीही असो, बाई पळतेच आहे. 1973 मध्ये जोआना रस यांनी या पुस्तकांवर लेख लिहिला. त्याचं शीर्षक मराठीत साधारण असं होईल: 'कुणीतरी मला मारू पाहतंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे'. या शीर्षकात अख्खा प्रकार मावतो.

आणि मग हा प्रकार ओसरला. नेहमीचं उत्तर असं की 1972 मध्ये कॅथलीन वुडिविसची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आली, धीट ऐतिहासिक रोमान्स खपू लागले आणि हवेल्या मागे पडल्या. ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक तारीख ठेवायचीय. 1970 पासून कॅलिफोर्नियात कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला आणि हळूहळू बाकीची राज्यंही त्या वाटेने गेली. नवऱ्याच्या घराचं कुलूप निदान कागदावर तरी निघालं. दार उघडं असेल तर वाचक विचारणारच ना, 'मग ही बया निघून का जात नाही?' हा एक प्रश्न गॉथिकच्या मुळावर येतो. पुरावा म्हणून हे पुरेसं नाही, हे मार्गदर्शकांनी मला दोनदा ऐकवलंय. तरी माझा कल तिकडेच आहे.

कुलूप निघालं, भीती मात्र गेली नाही. ती घरातून गावात उतरली. इथे नोरा रॉबर्ट्सची 1991 ची 'कार्नल इनोसन्स' बघा. मिसिसिपीतलं इनोसन्स नावाचं खेडेवजा गाव, उन्हाळ्याची काहिली. कॅरोलाइन वेव्हर्ली ही नावाजलेली व्हायोलिनवादक, थकून-मोडून आजी-आजोबांच्या जुन्या घरी विसाव्याला आलेली. टकर लाँगस्ट्रीट हा गावच्या बड्या घराण्यातला, गोड बोलणारा, काही न करण्यात पटाईत. जोडी जमावी असं काही नाहीच. त्यात टकरशी भर लोकांत भांडलेल्या एका मुलीचं प्रेत कॅरोलाइनलाच घरामागच्या तळ्यात सापडतं. शहरातून आलेला एफबीआयचा अधिकारी टकरकडे बोट दाखवतो.

पण वाचकाला टकरवर फार काळ संशय घेऊच दिला जात नाही. गॉथिकमध्ये शेवटच्या पानांपर्यंत ताणलेला प्रश्न इथे लवकर सैल होतो. त्याच्या जागी येतो दुसरा: मग या गावातलं कोण? खाणावळीत रोज भेटणारं, एकमेकांच्या तीन पिढ्या ठाऊक असणारं, अडीअडचणीला धावून येणारं कुणीतरी. (कोण ते सांगत नाही, वाचा.) विजोड जोडीचं कामही बदलतं. ती परकी असल्यामुळे गावाला जे दिसत नाही ते तिला दिसतं. तो गावचाच असल्यामुळे कोण काय लपवतंय ते त्याला कळतं, पण आपल्या माणसांवर संशय घेणं त्याला जड जातं. दोघांनी एकमेकांना आपलं-आपलं अर्धं ज्ञान दिल्याशिवाय खुनी सापडत नाही. जेनला रॉचेस्टर ओळखायचा होता. कॅरोलाइनला टकरच्या मदतीने गाव ओळखायचंय.

तुम्ही म्हणाल, यात आपलं काय? 'रेबेका' आपल्याकडे 1964 मध्ये 'कोहरा' होऊन आली. वहिदा रेहमान नवी सून आणि तिला धाक घालणारी दाई ललिता पवार. त्याच वर्षी राजा परांजप्यांचा 'पाठलाग' आला, ज्यावरून पुढे 1966 मध्ये 'मेरा साया' निघाला. वकील नवरा, गेलेली बायको आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी. इथे 'ही खरी कोण?' असं विचारणारा नवरा आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बाई. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 मध्येच झाला होता, देशभर 1955 मध्ये. म्हणजे कायद्याचं कुलूप इथे आधीच निघालं होतं, तरी संशय नवऱ्यावरून गावावर न जाता बायकोवर आला. माझं कुलपाचं गणित इथे सरळ लागू पडत नाही, आणि नव्या प्रकरणात मी सध्या तिथेच अडकलेय.

तोवर एक विनंती. घरातल्या माळ्यावर बंद पडलेल्या एखाद्या वाचनालयाचा शिक्का असलेली त्या काळची रहस्यकादंबरी असेल, तर रद्दीत घालू नका. आतल्या चिठ्ठीवरच्या परतीच्या तारखा मला हव्या आहेत. कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल.