सव्वापाच विकलांचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे कर्नल विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्याने सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो वीस वर्षे देशभर हिंडत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला त्याला मरण आले. त्याचे अर्धे राहिलेले काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले.

या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुधा त्या एका शिखराच्या निमित्ताने. शिखराची उंची आधी कुणी काढली, राधानाथ सिकदरांना श्रेय मिळाले की नाकारले गेले, आणि ज्याने ते शिखर बहुधा डोळ्यांनी पाहिलेही नाही त्या माणसाचे नाव त्याला का दिले. हे वाद महत्त्वाचे नाहीत असे नव्हे. पण याच सर्वेक्षणाच्या आकडेमोडीतून आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला शिखराच्या उंचीहून मोठी वाटते. डोंगर जमिनीच्या वर किती आहे हे मोजता मोजता तो जमिनीच्या खाली किती आहे, हा प्रश्न उभा राहिला. तो कुणी विचारला नव्हता. तो एका चुकीच्या रूपाने आला.

ही चूक समजून घ्यायची तर ओळंब्यापासून सुरुवात करावी लागते. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी जो ओळंबा सोडतो, तोच सर्वेक्षकाचाही अखेरचा आधार असतो. एखाद्या ठिकाणाचे अक्षांश ताऱ्यांवरून काढायचे, तर डोक्यावरचा नेमका बिंदू ठाऊक हवा, आणि तो बिंदू ओळंब्याच्या दोरीच्या उलट दिशेलाच शोधावा लागतो. दोन ठिकाणांमधले उत्तर-दक्षिण अंतर मोजण्याच्या वाटा दोन. एक जमिनीवरची, त्रिकोण मोजत जाण्याची. दुसरी आकाशातली, दोन्हीकडचे अक्षांश काढून वजाबाकी करण्याची. दोन्हींचे उत्तर एकच यायला हवे.

एव्हरेस्टने १८४० च्या सुमारास अशी दोन ठिकाणे ताडून पाहिली. एक, मध्य भारतातील सिरोंजजवळचे कल्याणपूर. दुसरे, गंगा-यमुनेच्या मैदानात मुझफ्फरनगरजवळचे कलियाना. दोहोंतील अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. त्रिकोणांच्या वाटेने उत्तर आले ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला. ताऱ्यांच्या वाटेने आले ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. फरक ५.२३६ विकलांचा. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. जमिनीवर हा सगळा फरक भरतो सुमारे १६० मीटर. सहाशे किलोमीटरांत १६० मीटर म्हणजे तुम्हाआम्हाला काहीच नव्हे. पण ज्या सर्वेक्षणात एका आधाररेषेवरून कित्येक मैल दूरची दुसरी रेषा गणिताने काढून ती प्रत्यक्ष मोजली तर काही इंचांचाच फरक निघत असे, तिथे ही चूक लाजिरवाणी होती.

डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, हे एव्हरेस्टला माहीत नव्हते असे नाही. न्यूटननंतर ते कोणत्याही शिकलेल्या सर्वेक्षकाला माहीत असे. फ्रेंच शास्त्रज्ञ बूगेरने १७३८ साली दक्षिण अमेरिकेत चिंबोराझो पर्वताशेजारी ते मोजून पाहिले होते, आणि मास्कलिनने १७७४ साली स्कॉटलंडमध्ये शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही अंगांना. एव्हरेस्टने स्वतः वऱ्हाडातील टाकळखेड्याच्या ठाण्यावर उत्तरेच्या सातपुड्याच्या पठाराचा असा परिणाम होत असावा, असे धरले होते. हिमालयाची ओढ टाळावी म्हणूनच तर त्याने चापाचे उत्तर टोक डोंगरात न ठेवता खाली मैदानात, कलियानाला आणले. तरीही चूक उरली. तिचे काय करायचे? एव्हरेस्टने तेच केले जे व्यवहारी माणूस करतो. चूक मोजणीची आहे असे मानून त्याने ती सगळ्या चापावर थोडी थोडी वाटून टाकली. हिशेब जुळला. (सरकारी हिशेबात अशा वाटपाला काय म्हणतात, ते वाचकांना सांगायला नको.)

यात एव्हरेस्टला हसण्यासारखे काही नाही. नकाशा करणाऱ्याला नकाशा पुरा करायचा असतो. पण वाटून टाकलेली चूक दिसेनाशी होते, आणि जे दिसत नाही त्याचे कारण कोण विचारणार?

कारण विचारले ते एका धर्मोपदेशकाने. जॉन हेन्री प्रॅट हा कलकत्त्याचा आर्चडीकन. केंब्रिजला गणितात तिसरा आलेला आणि धर्म व विज्ञान यांत विरोध नाही हे सिद्ध करण्यासाठी पुस्तक लिहिणारा. त्याने एव्हरेस्टच्या वाटपाकडे दुर्लक्ष करून मूळ फरक हाती घेतला. हिमालय ओळंब्याला ओढतो, तर किती ओढतो? कलियाना डोंगराला जवळ, कल्याणपूर दूर. म्हणून कलियानाचा ओळंबा उत्तरेकडे जास्त झुकेल, तिथले अक्षांश आहेत त्याहून कमी भासतील, आणि ताऱ्यांच्या वाटेने अंतर कमी येईल. दिशा तर बरोबर जुळत होती. आता आकडा जुळवायचा होता.

ही आकडेमोड आज संगणकाला अवघड नाही. प्रॅटने ती हाताने केली. कलियानाभोवती त्याने वर्तुळे आणि त्रिज्या अशा कल्पिल्या, की प्रत्येक कप्प्याची ओढ फक्त त्या कप्प्यातील जमिनीच्या सरासरी उंचीवर अवलंबून राहावी. मग एकेका कप्प्याची उंची मांडत तो हिमालय ओलांडून तिबेटात आणि त्यापलीकडे गेला. तिबेटच्या उंचीचे आकडे त्या काळी प्रवाशांच्या वर्णनांतून गोळा करावे लागत. त्याचे उत्तर आले: कलियानाला २७.८५३ विकला, कल्याणपूरला ११.९६८ विकला, फरक १५.८८५ विकला. हवा होता ५.२३६. डोंगराने जेवढे ओढायला हवे होते, त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढेच तो ओढत होता.

प्रॅटच्या जागी दुसरा कुणी असता, तर तिबेटच्या अनिश्चित उंचीकडे बोट दाखवून त्याने आकडा खाली आणला असता. प्रॅटनेही उंची कमी धरून पाहिली, खडकांची घनता कमी धरून पाहिली. कितीही ताणले तरी १५ चे ५ होत नव्हते. त्याने ते तसेच लिहिले. भारतातील पृथ्वीची वक्रता सर्वसाधारण वक्रतेहून वेगळी असेल काय, असा एक तर्क जोडला. पण उत्तर सापडल्याचा आव आणला नाही. एव्हरेस्टने चूक मुरवली, प्रॅटने ती तिप्पट करून चव्हाट्यावर मांडली. मला या निबंधात सर्वांत मोठा वाटतो तो हाच भाग.

प्रॅटचा निबंध रॉयल सोसायटीच्या १८५५ च्या खंडात ५३ व्या पानापासून १०० व्या पानापर्यंत आहे. १०१ व्या पानावर राज-खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याचे टिपण सुरू होते आणि १०४ व्या पानावर संपते. एकाची अठ्ठेचाळीस पाने, दुसऱ्याची चार. एअरीचे म्हणणे असे, की हा निष्कर्ष प्रथम नवलाचा वाटतो खरा, पण थोडा विचार केला असता तर तो आधीच अपेक्षित असायला हवा होता. (बुद्धिमान माणसांची ही सवय जुनीच आहे.) पृथ्वीचे कवच पातळ आहे आणि खालच्या जड, प्रवाही द्रव्यावर ते तरंगते आहे, असे धरा. अशा कवचावर शंभर मैल रुंद आणि दोन मैल उंच पठार नुसते ठेवले, तर कवच ते पेलू शकत नाही, तडकते. मग तिबेट उभे कसे? तर त्याच्या खाली हलक्या खडकाचे मूळ त्या जड द्रव्यात खोल गेलेले असले पाहिजे. पाण्यावर ओंडक्यांचा तराफा तरंगत असेल आणि त्यातला एक ओंडका इतरांहून जास्त वर आलेला दिसला, तर तो पाण्याखालीही तेवढाच जास्त बुडालेला असणार, ही उपमा एअरीचीच. वरचा डोंगर ओळंब्याला ओढतो. खालचे हलके मूळ जड द्रव्याची जागा अडवून ती ओढ बरीचशी पुसून टाकते.

प्रॅटला हे पटले नाही. हॉपकिन्सच्या गणिताप्रमाणे पृथ्वीचे कवच शेकडो मैल जाड असायला हवे होते, आणि जाड घन कवचाखाली तरंगण्याचा प्रश्नच नाही. १८५९ मध्ये त्याने आपले स्वतःचे उत्तर दिले. डोंगराखाली मूळ नाही. डोंगर जिथे आहे तिथला सबंध स्तंभच, एका ठरावीक खोलीपर्यंत, कमी घनतेचा आहे. जिथे द्रव्य फुगले तिथे पर्वत झाला, जिथे आकसले तिथे समुद्र.

आता गंमत पाहा. दोन्ही कल्पना ओळंब्याला सारख्याच मान्य. वरून मोजलेल्या ओढीवरून खाली द्रव्य किती कमी आहे ते कळते. ते कसे मांडलेले आहे, ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकाकडे ते कळण्याचे साधनच नव्हते. अमेरिकन भूवैज्ञानिक डटनने १८८९ मध्ये या समतोलाला आयसोस्टसी हे नाव दिले, आणि पुढे कित्येक वर्षे कुणी प्रॅटच्या रीतीने तर कुणी एअरीच्या रीतीने हिशेब करत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हेफर्डने प्रॅटची रीत घेतली, आणि ती चांगली चालली. गणित जुळले म्हणजे चित्र खरे ठरते, या समजुतीला यापेक्षा चांगला उतारा मिळणे कठीण.

वाद सुटला तो भूकंपांनी. क्रोएशियातील ८ ऑक्टोबर १९०९ च्या भूकंपाच्या नोंदी तपासताना मोहोरोविचिचला दिसले, की काही लहरी खोल जाऊन, वेगाने धावून, आधी पोहोचतात. म्हणजे सुमारे ५४ किलोमीटरांवर एक सीमा आहे. वर कवच, खाली जड प्रावरण. पुढे जगभर ही सीमा शोधली गेली. महासागरांखाली कवच सुमारे सात किलोमीटर, दख्खनसारख्या जुन्या भूमीखाली पस्तीस-चाळीस, आणि तिबेटखाली सत्तरीच्या आसपास. एअरीचे मूळ सापडले. पण प्रॅटही हरला नाही. महासागरांच्या मधोमध धावणाऱ्या पर्वतरांगांखाली कवचाला मूळ नाही. तिथले प्रावरणच तप्त, फुगलेले, म्हणून हलके आहे. तेवढा भाग आर्चडीकनच्या कल्पनेशी जुळतो. एअरीचे प्रवाही द्रव्य मात्र द्रव निघाले नाही. प्रावरण घनच आहे. फक्त अतिशय सावकाश वाहते. बॅरेलने १९१४ मध्ये त्यातील दुबळ्या थराला नाव दिले. हिमयुगातले बर्फाचे ओझे उतरल्याला हजारो वर्षे झाली, तरी बोथनियाच्या आखाताचा काठ आजही वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर वर येतो आहे, तो याच सावकाशीमुळे.

या समतोलाने एक जुनी कल्पनाही बुडवली. भारत आणि आफ्रिकेत सारखे जीवावशेष सापडतात, म्हणून दोहोंमध्ये पूर्वी भूमी होती आणि ती समुद्रात खचली, असे अनेक मान्यवर मानत. लेमुरिया ती हीच. व्हेगेनरने १९१२ पासून विचारले, की हलके खंड जड द्रव्यावर तरंगत असतील तर ते खाली बुडतील कसे? बुडू शकत नाहीत, तर सरकलेच असले पाहिजेत. खंड सरकतात हे पटायला पुढे अर्धे शतक गेले.

पण तराफ्याची उपमाही पुरी पडत नाही. तराफ्यातले ओंडके सुटे असतात. भारतीय भूपट्ट सलग आणि ताठ आहे. हिमालयाखाली शिरताना तो धनुष्यासारखा वाकतो. त्या वाकलेल्या खळग्यात गंगेचा गाळ भरला, आणि एव्हरेस्टने डोंगरापासून दूर म्हणून निवडलेले कलियाना नेमके त्या हलक्या गाळावर होते. पर्वताचा भार काही अंशी मूळ पेलते, काही अंशी हा ताठपणा. १९०१ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या बरार्डने मध्य भारतात आणखी एक चमत्कार दाखवला: एका पट्ट्याच्या उत्तरेला ओळंबे दक्षिणेकडे झुकतात आणि दक्षिणेला उत्तरेकडे. जमिनीत पर्वतरांग गाडलेली असावी तसे. आज काही भूवैज्ञानिक त्याचा अर्थ असा लावतात, की पुढे वाकलेला भूपट्ट मागे मध्य भारतात किंचित वर उचलला गेला आहे.

कल्याणपूर याच प्रदेशातले. भारताच्या नकाशांचा मूळ संदर्भबिंदू म्हणून ते ठरवले गेले होते, आणि तिथल्या ओळंब्याशी एव्हरेस्टचा १८३० चा पृथ्वीचा आकार जोडून आपले सगळे अक्षांश-रेखांश मांडले गेले. त्या कल्पित पृथ्वीचा मध्य खऱ्या पृथ्वीच्या मध्यापासून आठशेहून अधिक मीटर बाजूला पडतो, हे उपग्रहांच्या काळात कळले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांकरिता डब्ल्यूजीएस-८४ हा नवा आधार स्वीकारला. तोवर आपला नकाशा कल्याणपूरच्या त्या ओळंब्यालाच टांगलेला होता.