वहीत न आलेला प्रश्न

आमच्या शिरगावात डोंगर नाही. पश्चिमेला समुद्र, सुरूची झाडं आणि किनाऱ्याला जुना किल्ला. पोर्तुगिजांच्या हातातला हा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आला. लहानपणी तिथे खेळताना मला कधी प्रश्न पडला नाही, की हा बांधताना गावाला कुणी विचारलं असेल का. विचारलं नसणारच. जव्हारला उंचावर मुकणे राजांचा राजवाडा आहे, त्यासाठीही काही ग्रामसभा भरली नव्हती. वर घर बांधणाऱ्यानं खालच्याला विचारायचं, ही रीत आपल्याकडे अलीकडची. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ चा पेसा आला. म्हणजे ही रीत साधारण माझ्याच वयाची. ती एकदा कशी वापरली गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितोय.

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच नांदतायत. गावावरचा उतार म्हणजे वरकस जमीन. तिथे नागली-वरी व्हायची, भाताच्या राबासाठी पालापाचोळा मिळायचा आणि गवत कापलं जायचं. आपल्या भागातलं गवत त्या काळी मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पुढे गवताला भाव राहिला नाही, नागली कुणी पेरीना. मग त्या उतारातली काही एकर जमीन शहरातल्या एका गृहस्थांनी घेतली. त्यांना तिथे मोठा बंगला बांधायचा होता.

वीसेक वर्षं झाली. १ मेची ग्रामसभा शाळेच्या पडवीत होती. मी पाहुणा, म्हणून मागे बसलो. भावोजी तेव्हा पंचायतीचे सदस्य. बंगल्याला पंचायतीचा ना हरकत दाखला द्यायचा की नाही, हा विषय निघाला. बिनशेतीची परवानगी तेव्हा महसूलवाले देत, तो त्यांचा विषय. पण दाखला गावाचा. एक जण म्हणाला, घरपट्टी येईल. दुसरा म्हणाला, पोरांना काम मिळेल, वर रस्ता होईल. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पंचायतीच्या तिजोरीत तेव्हा खडखडाट होता.

मग ताई उभी राहिली. तिनं एवढंच विचारलं, "बंगल्याचं पाणी कुठं जाणार, आन् आमचं कुठून येणार?"

गावची विहीर त्या उताराच्या खालीच. सभेत थोडं हसू झालं. भावोजी म्हणाले, "अगं, तो काय डोंगर पिऊन टाकणार हाय?" लोक मोठ्यानं हसले, हात वर झाले, विषय संपला. मीही हसलो होतो, हे लपवत नाही.

वर जायला यंत्रानं रस्ता खोदला. पहिल्याच पावसात त्या कापलेल्या कडेची तांबडी माती वाहून ताईच्या खालच्या खाचरात बसली. आवणी झालेली, रोपं गाडली गेली. विहिरीचं पाणी महिनाभर गढूळ होतं. मालक वाईट माणूस नव्हता. कळल्यावर त्यानं कडेला दगडी बांध घातला. पण पुढच्या उन्हाळ्यात विहीर नेहमीपेक्षा लवकर तळाला गेली. ते बंगल्यामुळे, त्याच्या बोअरमुळे की पाऊस कमी म्हणून, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तक्रार करायला गेलो तर एका कचेरीत सांगितलं, तुमच्याच गावानं ना हरकत दिलीय.

म्हणून मी ठरावाची वही बघायला मागितली. अर्ध्या पानाचा ठराव. सूचक, अनुमोदक आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. ताईचा प्रश्न कुठेच नव्हता. वही वाचणाऱ्याला वाटेल, त्या दिवशी शंका कुणालाच नव्हती.

पुढे माझी धाकटी मुलगी पुण्यात बावधनच्या बाजूला राहायला गेली. तिच्या खिडकीतून टेकडी दिसते. एवढ्या महागड्या शहरात ही मोकळी कशी राहिली, असं जावयांना विचारलं. त्यांनी सांगितलं त्यावरून मी कात्रणं वाचून काढली. १९९७ साली आसपासची गावं पुणे महापालिकेत आली. त्यातल्या शेवटी राहिलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवरची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखावी, असा प्रस्ताव होता. भांडण यावर, की तिथे थोडं बांधकाम करू द्यायचं की अजिबात नाही. चार टक्के तर मागतोय, असं काहींचं म्हणणं. ऐकायला थोडं वाटतं. पण हिशोब करा. एकराला साधारण १,७४० चौरस फूट झाले. ज्याची पाच एकर टेकडी, त्याचा ८,७०० चौरस फुटांचा बंगला. शिवाय तिथवर जाणारा रस्ता वेगळाच.

लोकांनी हरकती लेखी दिल्या, सह्या गोळा केल्या, सभागृहात वाद झाले. २००५ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं आरक्षण मान्य केलं. राज्य सरकारचा शिक्का बसायला २०१५ उजाडलं. बांधकाम नाही आणि जमिनीच्या बदल्यात ८ टक्के टीडीआर, असं ठरलं. त्या टेकड्यांचे मालक म्हणतात, एवढ्यात आमचं कसं भागणार? मी शेतकरी आहे, मला त्यांचा राग कळतो. शहरानं टेकडी राखायची आणि किंमत एकट्या कुळंब्यानं मोजायची, हेही बरोबर नाही. पण तो रागसुद्धा तिथे कागदावर आहे. आज ना उद्या त्याला उत्तर द्यावं लागेल.

पुण्याकडे एक जुना नियम आहे. १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधायचं नाही. म्हणजे पाच फूट पुढे गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल, तर हात लावायचा नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. इर्शाळवाडीवर कुणी बंगला बांधला नव्हता. न छेडलेला डोंगरसुद्धा असा खाली येतो, मग छेडायच्या आधी चार प्रश्न नकोत का?

भावोजी आता नाहीत. शेवटच्या दिवसांत एकदा मला म्हणाले, "तुझी ताई बरोबर बोलली होती. आपण हसलो."

हल्ली आमच्या शिरगावच्या ग्रामसभेत मी पुढे बसतो. कुणी, विशेषतः एखादी बाई, काही विचारायला उठली आणि हसू सुरू झालं, की मी ग्रामसेवकांना म्हणतो, "भाऊ, आधी हे वहीत लिहून घ्या. मग हसू." पोरं मला 'वहीवाले काका' म्हणतात. म्हणोत.