वारीची वाट व तिची शिस्त

पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ सालची. तिच्या पूर्वेकडील पेठांत ज्येष्ठ वद्यांत उतरणारी वारी तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. देहूची पालखी नारायणमहाराजांनीं १६८५ सालीं सुरू केली. पुढें ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनीं १८३२ च्या सुमारास आळंदीच्या सोहळ्याची घडी बसविली. दिंड्यांचे क्रम ठरले, मुक्काम ठरले. पुण्याहून आळंदीची पालखी दिवे घाट चढून सोपानकाकांच्या सासवडास व खंडोबाच्या जेजुरीस जाते. पुढें निंबाळकरांचें फलटण लागतें. ज्या पुरंदरच्या खेड्यांतील वाटाणे व अंजीर मंडईंत येतात, त्याच मुलखांतून ही वाट आहे.

एकट्यादुकट्या शेतकऱ्यास पूर्वीं असा प्रवास सुखाचा नव्हता. दिंडींत त्याला सोबत मिळाली, आणि गाऱ्हाणें सांगण्यास जागाहि मिळाली. मुक्कामीं सायंकाळच्या समाजआरतीस चोपदारानें दंड उंचावितांच टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. तिचें म्हणणें ऐकून निवाडा होतो. हरवल्या-सांपडल्या जिनसा पुकारल्या जातात. लाखोंच्या समुदायांत एका दिंडीचा टाळ ऐकूं यावा, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी होय.